सरव्याचं सोयाबीन

२७ ऑक्टोबर २०२४

उज्जू,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून देशील, ही भीती आहेच. पण फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. पत्र फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं, म्हणून शेलूबाजारच्या पोस्टात टाकते आहे.

दोन वर्षांपूर्वी तू भर रस्त्यात गाडी थांबवून आईच्या डोक्यावरचं गाठोडं ओढलंस आणि सगळ्या शेंगा डांबरावर उधळल्यास, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझ्यासोबत बेंगळुरूच्या ऑफिसातली माणसं होती आणि आई जगदेव पाटलांच्या शेतातून सरवा, पीक निघाल्यावर मातीत उरलेल्या शेंगा, वेचून येत होती. तुला लाज वाटली. आईने खाली बसून शेंगा परत गोळा केल्या, आणि तू गाडीत बसून निघून गेलीस. बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि लिहून बसले.

तर बातमी अशी, की तुमच्या कंपनीचा तपासणीचा माणूस मागच्या आठवड्यात येऊन गेला. परदेशातल्या तुमच्या दुकानांत आपल्या गावचं सोयाबीन विकायला लागल्यापासून मी इथे शेतकरी गटात फील्ड असिस्टंट आहे, त्यामुळे त्याला शेतं दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. माणूस सज्जन होता. त्याने विहिरी पाहिल्या, फवारणीची औषधं कुठे ठेवतात ते पाहिलं, मजूर बायांसाठी पिण्याचं पाणी आहे का ते विचारलं. असं कुणी आपल्या बायांसाठी विचारतं, याचं मला बरंच वाटत होतं. जगदेव पाटलांच्या शेतात सोंगणी, मळणी सगळं आटोपलं होतं आणि आई, प्रयागबाई, रंगूबाई अशा आपल्याकडच्या काही जणी मातीत पडलेल्या शेंगा वेचत होत्या.

त्याने आईला हिंदीत विचारलं, माताजी, दिवसाची मजुरी किती मिळते. आईने कंबर सरळ केली, पदर नीट केला. म्हणाली, "मजुरी? मले कोन देईन मजुरी? मी काय कोनाची मजूर हाओ?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी हसत म्हटलं, काही मिळत नाही म्हणते. तो हसला नाही. त्याने सगळ्या जणींचे फोटो काढले आणि मोबाइलवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. संध्याकाळी आई भाकरी थापताना स्वतःशीच म्हणत होती, बरा होता माणूस, मोठ्या माणसासारखं माताजी म्हणाला.

आईची तब्येत ठीक आहे. तिने तुला काही सांगायला सांगितलेलं नाही. मीच लिहिते आहे.

तुझी,
ताई

१९ जून २०२५

उज्जू,

तपासणीचा निकाल आला. पाणी ठीक, औषधं ठीक, आणि पुढे लाल अक्षरात: गटाच्या शेतांमध्ये वयस्कर महिला विनामजुरी काम करताना आढळल्या. एकीने स्वतः तसं सांगितलं. ती एक म्हणजे आपली आई.

त्यासोबत नवा नियम आला आहे. यापुढे गटाच्या कुठल्याही शेतात नोंद नसलेली, मजुरी न घेणारी कुणीही व्यक्ती दिसली तर अख्ख्या गटाचं सोयाबीन नाकारण्यात येईल. नियम 'जबाबदार खरेदी' विभागाकडून आला आहे. तू त्याच विभागात आहेस. खाली सही साहेबांची आहे, पण 'कुणाच्याही आईला फुकट राबावं लागू नये' हे वाक्य कुणाचं ते मला कळतं. शाळेत तुझे निबंध मी तपासून द्यायचे.

तू रागावून केलंस असं मी म्हणत नाही. तुझा हेतू चांगलाच असणार, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

तुझ्या साहेबांना सरवा म्हणजे काय ते ठाऊक नसेल. तू ते विसरली नाहीस, पण सांगायला तुला जड जातं, म्हणून मी लिहून देते, तू नुसतं वाचून दाखव. मालक पीक सोंगतो, मळतो, घरी नेतो. तरी शेंगा फुटून दाणे मातीत पडतातच. ज्यांना शेत नाही त्या बायांनी ते वेचायचे. मालकाची शेवटची सुडी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा रचलेला ढीग, उचलली जाईपर्यंत बांधाच्या आत पाय ठेवायचा नाही, आणि उचलल्यावर कुणाला विचारायचं नाही. कुणी देत नाही, कुणी मागत नाही. वेचलं ते वेचणारीचं. प्रयागबाईचं वर्षाचं तेल-मीठ त्यातून निघतं. आई माझ्या घरी जेवते, तिचं पोट त्यावर नाही. पण साऱ्या वर्षात तेवढा एक पैसा तिचा स्वतःचा असतो. त्यात ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येते, एक पांढरी साडी घेते, आणि तिला माझ्या नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

एवढंच करायचं आहे: नियमात एक ओळ घालायची, की पीक निघाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया मजूर नाहीत, त्यांना येऊ द्यावं. एक ओळ, उज्जू. सोंगणीला अजून वेळ आहे. तुझ्यासाठी ही मोठी गोष्ट नाही.

ताई

११ सप्टेंबर २०२५

उज्जू,

तुझं उत्तर मिळालं. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं, त्या आनंदात मी ते उभ्याउभ्याच फोडलं.

"ताई, मी लहानपणचं काही विसरलेले नाही. लोकांच्या शेतात पडलेलं वेचायला आई वाकते, ते मला बघवत नाही. ते बंदच झालं पाहिजे. ती ओळ मी घालू शकत नाही, आणि घालता आली असती तरी घातली नसती." एवढंच लिहिलंस. आई कशी आहे हे त्यात कुठे विचारलेलं नाही.

मलाही लाज वाटायची, हे तुला माहीत नसेल. सातवीत असताना वर्गातल्या मुली बांधावरून जायच्या तेव्हा मी तुरीच्या ओळीत लपून बसायचे. त्यामुळे तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. आपल्या माणसांनी उरलंसुरलं घेऊन जगू नये, हे मला तू शिकवायची गरज नाही.

मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तुला राग येईल, पण दाखवलं. ती म्हणाली, "तुह्या आज्यानं छप्पन सालापासून पाटलाच्या दारची भाकर बंद केली. सरवा नाई बंद केला. काहून? भाकर घ्याची तं देनाऱ्याच्या हाताखाली हात धरा लागते. सरव्यात कोनाचा हात नाई. भुईवरून उचलतो आपन. तिले लिव, मी कोनाच्या हाताखाली नाई."

तिने सांगितलं म्हणून लिहिलं.

गटाची बैठक जगदेव पाटलांच्या घरी झाली. दोनच वाटा होत्या: सरवा वेचणाऱ्या प्रत्येकीला मजूर म्हणून नोंदवून मजुरी द्यायची, नाहीतर त्यांना शेतात येऊ द्यायचं नाही. मला आशा होती. जगदेव पाटील गटाचे अध्यक्ष आहेत आणि माणूस वाईट नाही. ते म्हणाले, बाई, तिनं वेचायचं तिच्यासाठी आणि मजुरी द्यायची मी, हे कोणत्या हिशोबात बसतं. ते खरंच कशात बसत नाही. त्यांच्या आई सोजरबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूच्या काळापासून बांधाकडची एक ओळ मुद्दाम सैल हाताने सोंगायची रीत आहे, बायांना चार शेंगा जास्त मिळाव्यात म्हणून. त्यांचा नातू राजू म्हणाला, आजी, तू आत जा.

आता प्रत्येक शेताच्या तोंडाशी पाट्या लागल्या आहेत. 'नोंद नसलेल्या व्यक्तीस प्रवेश नाही.' खाली तुमच्या कंपनीचं चिन्ह, ते हिरवं पान.

ताई

२० ऑक्टोबर २०२५

उज्जू,

दिवाळीचे दिवस आहेत, गोड काहीतरी लिहावं, पण माझ्याकडे नाही.

सोंगणी झाली. आपल्या गावातली जवळपास सगळीच शेतं गटात आहेत, त्यामुळे बायांना जायला शेत उरलं नाही. आई आधी पलीकडच्या गावात गेली. तिथल्या बायांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की मावशी, इथे आमचंच पुरत नाही. त्यांचंही खरं आहे. रिकामी ओटी घेऊन ती उन्हाची चालत परत आली. इकडे पडलेले दाणे पाहून बाया शेतात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी लगेच रोटाव्हेटर फिरवायला सुरुवात केली. पडलेलं सोयाबीन मातीत गाडलं गेलं. प्रयागबाई बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, मले नाई देलं, तुमी नाई खाल्लं, मंग कोनाचं भलं झालं? ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

मागच्या बुधवारी आई जगदेव पाटलांच्या शेतात शिरली. पाटी वाचता येत नाही असं नाही, तिला वाचता येतं. सुडी उचलून झाली आहे ना, एवढंच तिने पाहिलं. गटाने दौलतसिंग म्हणून एक रखवालदार ठेवला आहे. त्याने तिला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. त्याला सांगितलं होतं तसा फोटो काढला आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. तो फोटो मी ऑफिसात बसून पाहिला. आईचं तोंड दिसत नव्हतं, वाकलेली पाठ तेवढी होती. मी साडीवरून ओळखलं.

तिला ऑफिसात आणलं. तिच्या ओटीतल्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या. आई शांत होती, तिला वाटत होतं काहीतरी गैरसमज झाला आहे आणि लेक तिथेच बसली आहे तर ती सांगेल. तिने जगदेव पाटलांना विचारलं, सुडी तर उचलली होती ना तुमी. त्यांनी मान खाली घातली. त्यांचा राजू मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आजी, याले आता सरवा नाई म्हनत. याले चोरी म्हनतात."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. समजावून सांगावं तसं सांगितलं. आणि उज्जू, आईने माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते विचार. कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक प्रसंग नोंदवावा लागतो, नाहीतर मालावर लाल शेरा लागतो आणि गावचं सोयाबीन अडकतं. ते काम माझं आहे. मी लिहिलं: विनापरवाना प्रवेश. नाव, वच्छला. माल जप्त. आई समोर उभी होती. मागच्या पत्रात मी लिहिलं की पाट्या लागल्या. त्या मीच लावल्या. खड्डे खणणाऱ्या माणसांबरोबर शेतोशेत फिरून, कुठली पाटी कुठे रोवायची ते मी दाखवलं. नोकरी आहे, दोन मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलेलं आहे. हे तुला सांगायचं नव्हतं. तुला दोष देताना मी बरी दिसावी असं वाटत होतं.

घरी येताना आई माझ्या पुढे चालत होती. मी हाक मारली तर थांबली, पण वळली नाही. साठ वर्षं तिने वेचलं. त्यातला एक दाणाही चोरीचा होता का, असं तिने मला घरी आल्यावर विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तू लिहिलंस ना पण.

तू ये. वाद घालायला ये, पण ये.

ताई

१४ डिसेंबर २०२५

उज्जू,

तू आली नाहीस. तुझ्या विभागाचं पत्र मात्र आलं. आपला गट तपासणीत उत्तीर्ण झाला. विनामजुरी काम करणाऱ्या महिला: शून्य. गटाच्या ऑफिसात त्याचा फ्लेक्स लावला आहे, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला. तुला बढती मिळाली असंही कानावर आलं. अभिनंदन म्हणायला जीभ वळत नाही, पण तू यासाठी रात्रीचा दिवस केला असशील, तेवढं मला कळतं.

प्रयागबाई मुलाबरोबर पुण्याला बांधकामावर गेली. जाताना आईला भेटायला आली तर आई बाहेर आली नाही. रंगूबाईशीही बोलत नाही. विहारात जात नाही. तिथे कुणी तिला काही म्हणेल असं नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. पण तिला वाटतं लोकांच्या मनात असेल. यंदा ती नागपूरला गेली नाही. मी पैसे देऊ केले तर म्हणाली, माह्याजवळ नाईत, तं मी कशी जाऊ.

तिला आता एक सवय लागली आहे. ताटात काही वाढलं की विचारते, हे कुठलं. तूर दुकानातली, गहू रेशनचा, भाजी बाजारातली, असं सांगावं लागतं. शेजारणीने वाटीभर काही पाठवलं तर खात नाही. आधी मी चिडायचे. आता सांगून मोकळी होते.

परवा जगदेव पाटलांकडून सोयाबीनची शेवटची गाडी गोदामात निघाली. आपल्या दारावरूनच ट्रॅक्टर जातो. एक पोतं कुठेतरी उसवलेलं होतं, वळणावर हिसका बसला आणि आपल्या उंबऱ्यासमोर दाणे सांडले. गाडी पुढे निघून गेली. मी बाहेर उभी होते. वाकले आणि उचलले, विचारही केला नाही. मूठभर असतील. आत येऊन डब्यात टाकणार तेवढ्यात आईने पाहिलं.

"कोनाचं हाय ते?"

म्हटलं, रस्त्यावर सांडलं होतं, आई. आपल्या दारात.

"ज्याचं त्याले नेऊन दे."

मी म्हटलं, मूठभर दाण्यांसाठी कुणी जातं का. ती जेवायला बसली होती, ताटावरून उठली. भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, तू परत देऊन येशील तेव्हाच जेवीन. ही ती बाई, जिने तुझ्यासमोर डांबरावरच्या शेंगा एकेक करून उचलल्या होत्या आणि तिला त्यात काही कमीपणा वाटला नव्हता. तुला तिचं वाकणं बंद करायचं होतं ना. बंद झालं. आता तिच्या पायाखाली दाणे असले तरी ती वाकत नाही, आणि मी वाकले तर मला चोर समजते. तिचा ताठ कणा कुणी मोडला असेल तर तो आपण दोघींनी, तू तिकडून आणि मी इथे बसून.

मी रुमालात बांधून गेले. जगदेव पाटील ओट्यावर होते. सगळं सांगितलं. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"पोरी, माहं वजन वर कंपनीत गेलं, पोते शिवून झाले, नोंद झाली. आता हे वापस घेतलं अन उद्या कोनी इचारलं, तं कोन्या शेतातलं म्हनून दाखवू? राहू दे वच्छलाबाईले."

म्हटलं, ती घेत नाही.

ते म्हणाले, "मंग मलेही घेता येत नाई." आणि त्यांचे डोळे भरले, उज्जू. मी एवढ्या मोठ्या माणसाला तसं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, लहान होतो तेव्हा तुझ्या आजीनं सरवा वेचताना मला बांधावर खेळवलं आहे. तरी त्यांनी हात पुढे केला नाही, आणि मी तो रुमाल घेऊन परत निघाले.

घरी आल्यावर आईने विचारलं, घेतलं का त्याईनं. मी म्हटलं, घेतलं. काई म्हनले? म्हटलं, काही नाही, बरं झालं म्हणाले. तेव्हा ती ताटावर बसली आणि सगळं जेवली. भाकरी गार झाली होती.

तो रुमाल माझ्या पर्समध्ये आहे. घरात ठेवला तर आईच्या हाती लागेल. ऑफिसात ठेवला तर ते बिनानोंदीचं सोयाबीन होतं, आणि तशा मालाची तक्रार लिहायचं काम माझंच आहे. फेकून द्यायला हात होत नाही. पेरावं म्हटलं तर आपल्याला शेत नाही.

तुमच्या नियमात याच्यासाठी काही लिहिलं असेल तर कळव.

तुझी,
ताई